नेत्ररुग्ण केव्हा व कोणाकडे पाठवावा?

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांपैकी अधिमंथाच्या वर्णनात त्यांनी कालमर्यादा सांगितली आहे. मिथ्योपचार झाल्यास कफज अधिमंथ सात, वातज सहा व रक्तज पाच रात्रींत दृष्टी नष्ट करतो. पित्तज तर तत्काळ. नेत्ररोगतज्ज्ञाची निवड करतानाही काळाचाच विचार प्रथम करावयास हवा.

आमच्याकडे ५८ वर्षांची एक रुग्णा अर्धशिरःशूल व छर्दी घेऊन आली. अर्धावभेदक समजून आम्ही दोन दिवस चिकित्सा केली. डोळा लाल होता. पण दृष्टी मंदावली का, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात का, हे आम्ही विचारलेच नाही. तिसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी नेत्रांतर्गत दाब मोजला व तीव्र काचबिंदूचे निदान केले. दुसऱ्या डोळ्यास लेझरचे संरक्षण मिळाले. पहिल्याची गेलेली दृष्टी परतली नाही.

त्याच दिवशी पाठवावयाचे रुग्ण : वेदनेसह लाल डोळा व मंद दृष्टी, अकस्मात दृष्टिनाश, डोळ्यांसमोर विजेसारखी चमक, अनेक काळे ठिपके वा पडदा येणे, बुबुळावर जखम वा पांढरा डाग. चुना वा आम्ल डोळ्यात गेल्यास प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, मगच पाठवावे. घरी उरलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घालू देऊ नयेत.

लक्षणे नसतानाही पाठवावयाचे रुग्ण : मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाची विकृती बरीच वाढेपर्यंत दृष्टी उत्तम असू शकते. म्हणून प्रौढवयातील मधुमेहात (टाइप २) निदान होताच व पुढे सामान्यतः दरवर्षी दृष्टिपटलाची तपासणी करवावी. अकाली जन्मलेल्या बालकांची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी.

कोणाकडे पाठवावे? ऑप्टोमेट्रिस्ट चष्म्याचा क्रमांक ठरवितात व प्राथमिक तपासणी करतात. वरील रोगांसाठी मात्र एम.एस., डी.एन.बी. वा डी.ओ.एम.एस. पदवीधर नेत्ररोगतज्ज्ञच हवेत. दृष्टिपटल, काचबिंदू, बुबुळ व बालनेत्ररोग यांचे स्वतंत्र तज्ज्ञ असतात. उत्तम मोतीबिंदू शल्यचिकित्सक हा दृष्टिपटलासाठीही योग्य असेलच असे नाही. मात्र तातडीच्या वेळी दूरच्या नामांकिताची प्रतीक्षा न करता जवळच्या तज्ज्ञाकडे आधी पाठवावे.

निवड करताना हे पाहावे : बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासतात काय? दाब मोजतात काय? शस्त्रक्रियेचे लाभ, धोके व खर्च आधी सांगतात काय? निष्कर्ष लेखी देतात काय?

रुग्णासोबत चिठ्ठी द्यावी. तीत लक्षणांचा आरंभ, मधुमेह व रक्तदाब, चालू असलेली सर्व औषधे व आपण केलेले नेत्रोपचार यांची नोंद असावी. आश्च्योतन, अंजन वा तर्पण दिले असल्यास ते लपवू नये.

रुग्ण योग्य वेळी योग्य हाती सोपविणे हेही चिकित्साकर्मच आहे. त्यात वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. विलंबाने मात्र रुग्णाची दृष्टी जाते.