पाच स्टारचा पोरगा बाकावर का बसतो?

प्रश्न : 'फुटबॉल मॅनेजर' या गेममध्ये माझ्या स्काउटने सतरा वर्षांच्या एका पोराला पाच स्टार दिले. होतं नव्हतं ते बजेट मी त्याच्यावर ओतलं. चार सीझन झाले, अजून बाकावरच आहे. तोच पोरगा मावसभावाच्या लॅपटॉपवर मात्र हिरो झालाय! स्काउटचं रेटिंग कितपत खरं धरायचं?
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडे कापसाची खरेदी जोरात असते. व्यापारी मूठभर कापूस घेतो, चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघतो आणि भाव बोलतो. मुरलेला माणूस सहसा चुकत नाही. पण जुलैत त्यालाच वीतभर रोपं दाखवून 'धागा किती निघेल?' असं विचारलं तर? गेममधल्या स्काउटला ही दोन्ही कामं एकदमच सांगितलेली असतात.

या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे लपवलेले असतात, दोन्ही 200 पैकी. एक आजच्या कुवतीचा, दुसरा तो जास्तीत जास्त कुठवर जाईल याचा. स्काउट त्यांचा अंदाज बांधतो, आणि आजची कुवत ओळखणं व पुढची ओळखणं यांसाठी खुद्द स्काउटलाही 20 पैकी वेगवेगळे गुण असतात. एकात 17 आणि दुसऱ्यात 8 असलेला स्काउट पोरांच्या शोधात धाडला, तर दोष कोणाचा?

शिवाय स्टार तुमच्याच संघाच्या तुलनेत मिळतात. वासरांत लंगडी गाय शहाणी! संघ सुधारला की त्याच पोराचे स्टार घटतात.

मावसभावाचं कोडं वेगळं आहे. काही कोवळ्या खेळाडूंच्या कमाल कुवतीपुढे गेम बनवणारेच पक्का आकडा न लिहिता उणे चिन्हाचा आकडा लिहितात. त्याचा अर्थ 'अमुक ते तमुक यांच्या दरम्यान काहीही'. नवा डाव मांडला की नवा आकडा. म्हणजे नाव एक, नशीब दोन. आणि कमाल कुवत म्हणजे छत. तिथवर चढायला सामने खेळावे लागतात. चार सीझन बाकावर तुम्हीच ठेवलंत ना?

खऱ्या मैदानात तर लपवलेला आकडाही नसतो. मकरंद वायंगणकरांच्या कल्पनेतून बीसीसीआयने गुणी खेळाडू हेरणारे अधिकारी नेमले, दिलीप वेंगसरकर त्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्यापैकी प्रकाश पोद्दार यांनी 2003 मध्ये जमशेदपूरला झारखंडचा एक यष्टिरक्षक पाहिला आणि त्याच्या नावाची शिफारस केली. तो धोनी. उलट मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षं लेगस्पिन टाकणाऱ्या प्रवीण तांबेला कोणी स्टार दिले नाहीत. 2013 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता तो थेट आयपीएलमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली.

मी स्वतः आजच्या कुवतीचा अहवाल बराचसा मानतो. पुढच्या कुवतीचा मात्र दुसरा स्काउट पाठवून ताडून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. तुमच्या त्या पोराला आधी एखाद्या लहान क्लबाला उसना द्या. वर्षभर खेळू दे, मग पुन्हा विचारा.