महिनाअखेरीला येऊ नकोस

भाचीला मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याच्या एमपीएचला प्रवेश मिळाला आणि तिच्याआधी माझ्या भावाचाच फोन आला. ‘‘आक्का, याला पुढे नोकरी काय?’’ मी त्याला म्हटलं, फोन तिच्याकडे दे.

पोरी, मी एमपीएच नाही. मी ३४ वर्षं नोकरी केली, आधी एएनएम म्हणून, मग आरोग्य सहायिका म्हणून. पण तुझ्यासारखी मुलं दरवर्षी प्रश्नावल्या घेऊन आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात यायची. कोणाचं काम झालं आणि कोण रडकुंडीला येऊन परत गेलं, ते मी पाहिलंय. माझं भांडवल तेवढंच.

आधी परवानगीचं बघ. सगळे विषय ठरवतात आणि मग परवानगीला निघतात. तू उलटं कर. तुमच्या संस्थेच्या पत्राने आमचं कपाट उघडत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, ते तालुक्याला जातं, तिथून केंद्राला. नैतिकता समितीची मान्यता वेगळी, आणि तिची बैठक काही रोज होत नाही. अर्ज दिलास की आवक शिक्का मारलेली स्थळप्रत स्वतःजवळ ठेव, पुढे पत्र निघालं की त्याचा जावक क्रमांक वहीत उतरवून घे. ‘‘पत्र सापडत नाही’’ या वाक्याला दुसरं उत्तर नसतं. एका मुलाचे दोन महिने त्याच वाक्यात गेले. मुलगा हुशार होता, स्थळप्रत तेवढी नव्हती.

आणि महिनाअखेरीला येऊ नकोस. तेव्हा सगळे रिपोर्टांत बुडालेले असतात. मार्चचं तर नावच काढू नको. आशा सेविकांची मासिक बैठक कधी असते ते विचार, परवानगी घेऊन मागच्या बाकावर बस. तिथे दोन तासांत जे कानावर पडेल ते तुझ्या प्रश्नावलीत मावणार नाही.

आता आकडे. आपलं सर्वेक्षण काढण्याआधी झालेलं वाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्यांच्याकडे असतं ती लोकसंख्या विज्ञान संस्था तुझ्या शेजारी देवनारलाच आहे. २०१५-१६च्या चौथ्या फेरीपासून जिल्ह्याचे आकडेही मिळतात. त्या फेरीचं आणि २०१९-२१च्या पाचव्या फेरीचं जिल्हापत्रक शेजारी शेजारी ठेवून एक संध्याकाळ बस. मग आमची रजिस्टरं उघड.

रजिस्टर वाचायलाही शिकावं लागतं. मलेरियाच्या रकान्यात शून्य दिसलं की गावात मलेरिया नाही असं लिहून मोकळी होऊ नकोस. आधी विचार, लॅब टेक्निशियनची जागा भरलेली होती का? स्लाइड तपासलीच नसेल तर शून्यच येणार. जन्मवजनाच्या रकान्यात बरोब्बर अडीच किलोची बाळं ओळीने दिसतील. अडीचच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. मग वरून प्रश्न येतात, जादा फेऱ्या येतात. शिवाय जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर सुई कुठे थांबली याबद्दल दोघींचं एकमत व्हायचं नाही. त्यातले काही ‘अडीच’ माझ्या हातचे आहेत, कबूल करते. म्हणून रजिस्टरसोबत ते भरणारीलाही भेट. तिला कागदावर पकडायला जाऊ नको, ‘‘ताई, हे कसं भरता?’’ एवढंच विचार.

एक दिवस आशाताईंबरोबर चाल. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी घरी आल्यावर त्या ४२ दिवसांत बाळाला सहा वेळा भेटतात. या भेटींची मुळं गडचिरोलीत आहेत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या कामात. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला त्यांचा निबंध तुम्हाला वर्गात वाचायला लावतील. तो आशाबरोबर एक घर बघून आल्यावर वाच. जामखेडलाही जाऊन ये. आरोळे दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं, त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तुझी पदवी बाजूला ठेवून ऐकावं असं तिथे बरंच आहे.

गाईडबद्दल थोडक्यात सांगते. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच रात्री चार ओळींत मेल कर. महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नको. ‘आर’ आणि नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’ फुकट आहेत. आधीच्या तुकडीतल्या एखादीशी गट्टी जमव, कोणता दरवाजा कधी उघडतो ते तिलाच ठाऊक असतं.

आता जे कोणी सांगत नाही ते. कधीतरी तुला बाळ गेलेल्या आईशी बोलायला लागेल. तुमच्या भाषेत ती एक मुलाखत असते. एकटी जाऊ नको, आशाला बरोबर घे. कागद पिशवीतच राहू दे, आधी बस. चहा दिला तर घे. एका दिवसात अशी दोन घरं करू नको, आणि त्या रात्री खोलीत एकटी राहू नको. माझ्या काळी आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. अशा एका घरातून आल्यावर मी आठवडाभर त्या बाजूची फेरीच टाळली, आणि तिथल्या दोन गरोदर बायकांची तपासणी राहून गेली. आता १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेव. गरज पडेल तेव्हा शोधायचं त्राण नसतं.

तुझ्या बापाचा प्रश्न राहिला. नोकऱ्या आहेत, पण राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बहुतेक कंत्राटी, बऱ्याचदा अकरा महिन्यांच्या. जाहिरातीत पगाराआधी अर्हतेचा रकाना वाच. पुष्कळ ठिकाणी एमपीएचसोबत एमबीबीएस, बीडीएस किंवा बीएएमएस मागतात, आणि तू बीएस्सी आहेस. म्हणून संशोधनाची बाजू पक्की कर. मुंबईत ‘सेहत’, पुण्यात ‘साथी’, तिथल्याच केईएमच्या संशोधन केंद्राचं वढूचं काम, अशा ठिकाणी आकड्यांना आणि माणसांना दोन्हींना सांभाळणारं माणूस लागतं. कंत्राट संपेल त्याच दिवशी अनुभवाचा दाखला हातात घे. साहेब बदलला की मागचं कोणाला आठवत नाही. मैत्रिणींना शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी बघायला सांग, आणि पुढे पीएचडी करायची असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांग. त्यांच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

आणि काम झालं की परत ये. इंग्रजी प्रबंध आम्हाला नको. दोन पानं मराठीत, मोठ्या अक्षरात, काय सापडलं तेवढं. माझ्या ३४ वर्षांत असं परत येणाऱ्या तिघीच निघाल्या. त्यांतल्या एकीचा तक्ता लसीकरणाच्या खोलीत अजून लावलेला आहे. खालचा कोपरा फाटलाय, तो चिकटपट्टीने जोडून घ्यायला मी परवाच सिस्टरला सांगून आले.