जन्मभर पुरेल असा धंदा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, मुलाला असा कोणता धंदा शिकवावा, कीं जो त्याला जन्मभर पुरेल ?" गेल्या वर्षीं हाच प्रश्न एका गृहस्थांनीं विचारला. त्यांचे वडील मुंबईच्या एका कापडगिरणींत विणकर होते. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हां नीट चालली नाहीं, व अखेर बंद पडली. "मागावर वडिलांचा हात मोठ्या सफाईनें चाले, पण मागच गेला, मग हाताचें काय करणार?" असें म्हणतांना त्यांचा कंठ दाटून आला. त्या दिवशीं आमच्यानें त्यांना नीट उत्तर देववलें नाहीं. तें आज येथें देण्याचा यत्न करीत आहों.

यंत्र बदललें म्हणजे कामकऱ्यानें काय करावें, हा प्रश्न नवा नाहीं. जेथें यंत्रयुग प्रथम अवतरलें त्या ब्रिटनमध्यें तो प्रथम उभा राहिला. ग्लासगो शहरांत अँडरसन यांच्या इच्छापत्रानें स्थापन झालेली एक विद्यासंस्था होती. तेथें जॉर्ज बर्कबेक नांवाचे तरुण अध्यापक पदार्थविज्ञान शिकवीत. व्याख्यानांत दाखविण्याचीं उपकरणें करवून घेण्यासाठीं ते कारागिरांकडे जात, तेव्हां कामकरी भोंवतीं गोळा होऊन 'हें कशासाठीं ? हें कसें चालतें ?' असें उत्सुकतेनें विचारीत. ज्यांच्या हातून यंत्र घडतें त्यांनाच त्याचें तत्त्व कळूं नये, ही गोष्ट बर्कबेक यांच्या मनाला लागली. १८०० सालीं त्यांनीं कामकऱ्यांसाठीं शनिवारीं संध्याकाळीं मोफत व्याख्यानें सुरू केलीं. पुढें १८२३ सालीं लंडन येथें कामकऱ्यांची विद्यासंस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. १८३० सालीं तिनें स्त्रियांनाही प्रवेश दिला. तीच संस्था आज लंडन विद्यापीठांत बर्कबेक यांच्या नांवानें नांदत आहे, आणि दिवसभर काम करणाऱ्यांना संध्याकाळीं शिकविण्याचा परिपाठ तिनें सोडलेला नाहीं.

अशा संस्था ब्रिटनमध्यें गांवोगांवीं निघाल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं एक उणीव दिसून आली. कामकऱ्यांपैकीं कित्येकांना लिहिण्यावाचण्याचा व गणिताचा पाया नव्हता. रसायनशास्त्रावरील विद्वत्ताप्रचुर व्याख्यानें त्यांच्या डोक्यावरून जात. हळूहळू कामकरी घरीं राहूं लागले, आणि त्यांच्या बांकांवर कारकून व दुकानदार येऊन बसले. संस्था राहिली, पण जिच्यासाठीं ती काढली ती माणसें गेलीं. यावरून पहिला धडा हा, कीं पायाभूत शिक्षणाची सोय केल्यावांचून धंदेशिक्षण उभें राहत नाहीं.

दुसरा धडा अधिक कडू आहे. १९४४ च्या शिक्षणकायद्यांत अशी योजना होती, कीं शाळा सोडून कामाला लागलेल्या अठरा वर्षांखालील मुलामुलींना आठवड्यांतून एक दिवस कॉलेजांत शिकावयास मिळावें. ती योजना कागदावरच राहिली. पुढें १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या, तेव्हां ज्यांनीं तरुणपणीं एकच काम शिकून घेतलें होतें अशा प्रौढ माणसांवर पुन्हां शिकावयास बसण्याची पाळी आली. खाणकाम शिकविणाऱ्या कॉलेजांनाही आपले विषय बदलावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसाच हा प्रकार ! मुंबईच्या गिरणीकामगारांवरही त्याच सुमारास तोच प्रसंग आला होता.

आतां आपल्याकडे वळूं. १८८७ सालीं मुंबईंत सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था आज वीरमाता जिजाबाई यांचें नांव धारण करून उच्च शिक्षण देत आहे. शाळा सोडलेल्या मुलांसाठीं १९५० सालीं भारत सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना आंखली. तींतूनच आपण ज्यांना 'आयटीआय' म्हणतों त्या संस्था पसरल्या. तेथें फिटरचें काम शिकणाऱ्या मुलाला आरंभीं कानस देतात. लोखंडाचा तुकडा घांसून सपाट करावयाचा, गुण्या लावून त्याचा काटकोन पाहावयाचा, व्हर्नियरनें त्याची जाडी मोजावयाची. मुलगा कंटाळतो. "हें सारें आतां यंत्र करतें, मग हें कशाला ?" असें त्याला वाटतें. परंतु डोळ्याला आणि हाताला माप कळतें तें येथेंच.

लेथचें उदाहरण घ्या. पूर्वीं टर्नर चाक फिरवून हत्यार पुढें सरकवी. आज सीएनसी यंत्रांत तो आंकड्यांत आज्ञा लिहितो. हाताचें काम बदललें. पण पोलादाला वेग किती ठेवावा आणि पितळेला किती, हत्याराची धार कधीं गेली, आराखड्यांत दिलेल्या मापांत किती फरक चालेल, हें ज्ञान दोन्ही ठिकाणीं लागतें. ज्याला केवळ कळ दाबावयास शिकविलें तो कळीबरोबर जुना होतो. ज्याला कारण शिकविलें तो नवी कळ लवकर शिकतो.

म्हणून अशा संस्थांनीं नवीं यंत्रें अवश्य आणावीं, पण तेवढ्यानें भागणार नाहीं. शिक्षकांनीं मधून मधून कारखान्यांत जाऊन स्वतः शिकावें. इंग्लंडमध्यें २०२० सालीं सुरू झालेल्या 'टी लेव्हल' नांवाच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला सुमारें ४५ दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणीं घालवावे लागतात, ही रीत अनुकरणीय आहे. त्याच वर्षीं महामारीनें शाळा बंद पडल्या, तेव्हां दूरस्थ शिक्षणाची शक्ति आणि मर्यादा दोन्ही आपण पाहिल्या. वेल्डिंगचें तत्त्व फोनच्या पडद्यावर समजतें. पण वितळलेला धातु कसा वाहतो हें स्वतः सांधा जोडल्यावांचून कळत नाहीं. पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं, हेंच खरें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, संध्याकाळीं कारखान्यांतून दमून आलेल्या चाळिशीच्या माणसालाही आंत यावेंसें वाटेल, असें या संस्थांचें दार असावें.

तेव्हां, पालकहो, जन्मभर पुरेल असा धंदा आम्हांस ठाऊक नाहीं. पण मुलाचें किंवा मुलीचें नांव घालण्यापूर्वीं त्या संस्थेंत स्वतः जा, आणि तीन प्रश्न विचारा : येथें आराखडा वाचावयास व माप घ्यावयास नीट शिकवितात काय ? शिकविणारे गुरुजी अलीकडे कारखान्यांत कधीं गेले होते ? आणि वीस वर्षांनीं माझें मूल पुन्हां शिकावयास आलें, तर त्याला येथें जागा मिळेल काय ?

विद्यार्थ्यांनो, कानस हातीं आली म्हणजे कंटाळूं नका. आणि गणिताचें पुस्तक शाळेबरोबर सोडूं नका. त्या गृहस्थांचा मुलगा यंदा फिटरच्या वर्गांत आहे. परवां तो भेटावयास आला, तेव्हां त्याच्या तळहातांवर घट्टे पडलेले होते, आणि खिशांत त्रिकोणमितीचीं कोष्टकें होतीं. दोन्ही पाहून आम्हांस समाधान वाटलें.