विरघळण्याची उष्णता

बंगळूरच्या आग्नेयेस असलेले आनेकल हे रेशीम विणकरांचे जुने गाव. कच्च्या रेशमाच्या तंतूवर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. साबण व धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात लड्या बुडवून तो काढला, म्हणजे रेशमाला झळाळी येते. या सोड्याचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. खड्यांचा सोडा गार पाण्यात टाकला, तर पाणी अधिकच गार होते; भाजून कोरडी केलेली त्याची पूड टाकली, तर तेच पाणी कोमट होते. असे का व्हावे?

स्फटिकातील आयन परस्परांना घट्ट धरून असतात. त्यांना विलग करण्यास ऊर्जा खर्च करावी लागते. विलग झालेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. या जमाखर्चाची शिल्लक म्हणजेच विरघळण्याची उष्णता होय. खड्यांच्या सोड्यात पाण्याचे रेणू आधीच बांधलेले असतात. म्हणून तेथे जमेची बाजू तोकडी पडते. मिठाच्या बाबतीत खर्च व जमा, दोन्ही प्रत्येक मोलमागे ७८० किलोज्यूलच्या आसपास असतात. शिल्लक खर्च जेमतेम ४ किलोज्यूल; त्यामुळे मीठ विरघळताना पाणी किती निवले हे हाताला कळतही नाही.

सोऱ्याचे तसे नाही. तो मोलमागे सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम सोरा विरघळविला, तर तापमान सात-आठ अंशांनी उतरते. ‘आइन-इ-अकबरी’त अबुल फज्लने नोंदविले आहे, की पाण्याने भरलेली व तोंड बंद केलेली सुरई सोऱ्याच्या पाण्यात हलवीत ठेवून अकबरासाठी पिण्याचे पाणी गार करीत असत. (पाणी आटवून तोच सोरा पुन्हा मिळविता येतो, हा या युक्तीचा आणखी एक फायदा.) ऊर्जा खर्चून का होईना पण सोरा विरघळतोच, कारण आयनांना पाण्यात मोकळेपणी विखुरता येते, आणि निसर्गाचा कल अशा विखुरण्याकडेही असतो.

कॉस्टिक सोडा याच्या उलट. त्याच्या एका मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. गंधकाम्लाची उष्णता तर याच्या दुपटीहून अधिक. अम्लावर पाणी ओतले, तर हलके असल्याने ते वरच तरंगते, क्षणात उकळते आणि अम्लाचे थेंब तोंडावर उडतात. म्हणून प्रयोगशाळेत थंड पाण्यातच अम्लाची बारीक धार सोडतात, आणि ढवळणे थांबवीत नाहीत.