कोपऱ्यातली खुर्ची चालेल

अगं, "ताई, थांबवायचंय मला, पण त्या सगळ्या पुरुषांत मी एकटी बाई जाऊन कशी बसू?" असं तू विचारलंस, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बाई पिते म्हटलं की लोक काय काय बोलतात, ते मला ठाऊक आहे. त्या धाकानेच तू इतके दिवस लपवून पीत राहिलीस. मी तुझी बहीण आहे, रात्री दोनला फोन केलास तरी उचलेन. पण मी दारू सोडलेली बाई नाही. तुला तशी कुणीतरी भेटायला हवी, आणि ती दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगलाच भेटते.

त्याआधी एक सांगते, त्यात हयगय नको. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, दरदरून घाम फुटत असेल, दोन घोट पोटात गेल्याशिवाय बरं वाटत नसेल, तर आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस. अशाने पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत गेलीस तरी चालेल. आणि घरच्या कुणी 'न सांगता चहात घाला'वाली पुडी आणली, तर स्पष्ट नाही म्हण. त्यात काय कालवलंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि काही औषधं अंगात असताना दारू प्यायली तर माणूस जागेवर कोसळू शकतो.

आता मीटिंगचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, आपण एए म्हणतो ती, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्या बोलण्यावर टिकले. एएच्या मीटिंगमध्ये आजही मुख्य काम हेच चालतं. फी नाही, नावनोंदणी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा आहे, एवढं पुरतं.

शोधायचं कसं? एएची हेल्पलाइन असते, तिथे फोन करून तुझा भाग सांग. सरकारचा १४४४६ हा नशामुक्तीचा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांनाही जवळपासचे ग्रुप माहीत असतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली उभं केलेलं मुक्तांगण आहे, तिथे बायकांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे. दाखल व्हायची वेळ आली तर ते लक्षात ठेव. फोनवर तीन गोष्टी विचारून घे: मीटिंग कोणत्या भाषेत चालते, ओपन आहे की क्लोज्ड, आणि तिथे बायका येतात का. ओपनला घरचं माणूस सोबत आलेलं चालतं, क्लोज्डला फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे तेच. बायकांची वेगळी मीटिंग मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर ऑनलाइन असतात, भावोजी कामावर गेले की दार लावून बसता येईल. तरी प्रत्यक्ष जायचं सोडू नकोस. समोर माणूस बसलेला असला की खोटं बोलणं जड जातं.

मी ओपन मीटिंगला बसले आहे, म्हणून डोळ्यांसमोर आणून देते. संध्याकाळची वेळ, शाळेचा वर्ग, फळ्यावर मुलांचं गणित तसंच राहिलेलं. टेबलावर पुस्तकं, कुणीतरी एएच्या कार्यक्रमातल्या पायऱ्या वाचून दाखवतं. मग एकेक जण आपलं नाव सांगून बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. दारूपायी मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे उडवल्याचं एक गृहस्थ सांगत होते आणि खोलीतल्या एकानेही 'अरेरे' केलं नाही, सगळे नुसते ऐकत होते. ते ऐकणं तुला मिळावं असं मला फार वाटतं. शेवटी पिशवी फिरते, त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. तुझी पाळी आली की "आज फक्त ऐकते" म्हण. कोपऱ्यातली खुर्ची धर, चालेल.

आणि हे बाई म्हणून सांगते. मार्गदर्शक म्हणून, ज्याला तिथे स्पॉन्सर म्हणतात, बाईच निवड. फोन नंबर घ्यायचा तो बायकांचाच. कुणी पुरुष "घरी सोडतो" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणून रिक्षा पकड. बहुतेक माणसं सरळ असतात, पण सोडायला लागल्यावर सुरुवातीला मन फार हळवं होतं, तेव्हा आपणच जपायचं.

पहिल्या ग्रुपमध्ये जीव रमला नाही तर दुसरा बघ. प्रत्येक ग्रुपचं वातावरण निराळं असतं. मध्येच प्यायलीस, तिथे त्याला स्लिप म्हणतात, तरी दुसऱ्या दिवशी जा, तुला कुणी दारातून परत पाठवणार नाही.

भावोजींना सांगायचं की नाही ते तू ठरव, पण घरात एकाला तरी खरं माहीत असू दे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, नवरेही जाऊ शकतात.

उद्या सकाळी हेल्पलाइनला फोन कर. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. मीटिंग ओपन असली तर तुझ्या शेजारी बसेन, क्लोज्ड असली तर बाहेर थांबेन. वेळ तेवढी कळव.