लाकडी खांबाच्या पोटात काय चाललंय, हे बाहेरून कसं ओळखतात?

प्रश्न : लेकीकडे अमेरिकेत राहून आलो. तिच्या गल्लीतले विजेचे खांब चक्क लाकडाचे आहेत. एकदा एक कामगार आला, खांबाला हातोडीने ठोकत फिरला, बुंध्याशी माती उकरली, ड्रिलने बारीक भोक पाडलं, त्यात लाकडी खुंटी ठोकली, पत्र्याची चकती लावली आणि पुढच्या खांबाकडे गेला. एवढ्या पुढारलेल्या देशात लाकडी खांब कशाला? आणि ठोकून त्याला काय कळलं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी लाकडाचं बघू. उत्तर अमेरिकेत पाइन, डग्लस फर, सीडार अशा सरळसोट वाढणाऱ्या झाडांना तोटा नाही. त्यामुळे लाकडी खांब तिथे स्वस्त पडतो, उचलायला हलका असतो आणि वादळात थोडा वाकून पुन्हा सरळ होतो. कच्चं लाकूड मात्र कोणी जमिनीत पुरत नाही. बंद टाकीत दाब देऊन त्यात औषध मुरवतात. खांब काळपट दिसला तर ते बहुधा क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल असतं. हिरवट झाक असेल तर तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असण्याची शक्यता जास्त. हे दुसरं औषध मूळचं आपल्याकडचं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंटी कामेशम यांनी ते १९३३ मध्ये शोधून काढलं. असा औषध मुरलेला खांब चाळीस-पन्नास वर्षं सहज उभा राहतो.

तरीही तो कुजतो. कुजणं म्हणजे बुरशीने लाकूड खाणं, आणि बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. जमिनीच्या बरंच वर लाकूड कोरडं असतं, फार खोल हवा पुरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या जमिनीलगत, मातीच्या किंचित वरपासून साधारण हातभर खालपर्यंत. पंचाईत अशी, की वाऱ्याने खांब झुकतो तेव्हा सर्वांत जास्त ताणही याच पट्ट्यात येतो. म्हणून कामगाराचा निम्मा वेळ बुंध्याशीच जातो.

आता हातोडी. लाइनमनने खांबावर चढण्याआधी काय तपासावं, हे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत लिहिलेलं आहे. सुमारे १.४ किलोची हातोडी घ्यायची आणि जमिनीपासून साधारण १.८ मीटर उंचीपर्यंत, खांबाभोवती फिरत ठोके मारत जायचं. लाकूड धड असेल तर आवाज खणखणीत येतो आणि हातोडी झटक्यात मागे उसळते. आत कूज असेल तर आवाज बद्द येतो आणि उसळी मंदावते. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, त्यातलाच हा प्रकार. मग जमिनीलगत निदान पाच इंची स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायचा. तो लोण्यात गेल्यासारखा आत शिरला, तर वर चढायचं नाही.

पण कान फसतो. खांबाला उभी भेग असेल तर धड लाकूडही बद्द वाजतं, आणि मातीखालची कूज वरच्या ठोक्याने कळेलच असं नाही. म्हणून पुढची पायरी ड्रिलची. बुंध्याशी तिरकं, खालच्या दिशेने भोक पाडतात आणि बाहेर येणारा भुसा निरखतात. तो स्वच्छ, कोरडा निघाला तर ठीक. तपकिरी, ओलसर चुरा निघाला तर कूज. ड्रिल अचानक विनासायास पुढे सरकलं, तर तिथे पोकळी आहे. मग आकडी घालून भोवतालचं धड लाकूड किती जाड उरलंय ते मोजतात. गरज असेल तर भोकात बुरशीनाशक औषध भरतात आणि औषध लावलेली खुंटी ठोकून तोंड बंद करतात. तुम्ही पाहिलीत ती हीच खुंटी.

याहून नाजूक उपकरणंही आहेत. एकात जेमतेम ३ मिलिमीटर टोकाची लांब सुई फिरत फिरत खांबात शिरते. तिला फिरवायला कुठे किती जोर लागला याचा आलेख निघतो. कूज लागली की रेघ खाली कोसळते. दुसऱ्या उपकरणात खांबाच्या एका बाजूला ठोका मारतात आणि कंपन दुसऱ्या बाजूला पोचायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजतात. कुजलेल्या लाकडातून ते हळू जातं, पोकळीला तर वळसाच घालावा लागतो. हा वेळ ३० टक्क्यांनी वाढला तर ताकद जवळपास निम्मी झाली, असा ढोबळ ठोकताळा आहे. खांबाभोवती बरेच संवेदक लावले, तर आतल्या छेदाचं रंगीत चित्रच संगणकावर उमटतं.

मग एवढी साधनं असताना माती कशाला उकरायची? त्यासाठी थोडं गणित. ३० सेंटिमीटर व्यासाचा खांब घ्या. त्याच्या बरोबर मधोमध १५ सेंटिमीटरची पोकळी पडली, तर पाव लाकूड गेलं. पण वाकण्याविरुद्धची ताकद फक्त ६ टक्क्यांनी घटते. आता आतून ठणठणीत, पण बाहेरून चहूबाजूंनी २ सेंटिमीटर कुजलेला खांब घ्या. इथेही गेलं ते पावच लाकूड. ताकद मात्र ३५ टक्क्यांनी उतरते. कारण वाकताना खरा भार बाहेरचा थर तोलतो, गाभ्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. अमेरिकेच्या विद्युत सुरक्षा संहितेनुसार, उभारताना जेवढी ताकद आवश्यक होती तिच्या दोन तृतीयांशांवर खांब आला, की तो बदलायचा किंवा त्याला मजबुती द्यायची. म्हणजे मातीखालचे हे दोन सेंटिमीटर एखादा खांब बाद करायला पुरेसे आहेत, आणि ते दिसायला आधी फावडंच लागतं. उकरायचं, कुजका थर खरवडायचा, उरलेला घेर फितीने मोजायचा.

हे टाळल्याची किंमत ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या पार्करव्हिलने मोजली. १२ जानेवारी २०१४ रोजी तिथे खासगी आवारातला एक लाकडी खांब पडला, त्यातून वणवा पेटला आणि ५७ घरं गेली. मातीखाली बुरशीने आणि वाळवीने तो पोखरला होता. काही महिन्यांपूर्वीच लाइनवर काम करणारी माणसं त्या खांबाशी येऊन गेली होती. त्यांची तपासणी अपुरी होती, असं न्यायालयात ठरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासमध्ये दहा लाख एकरांहून अधिक जमीन जाळणारा वणवाही कुजलेला खांब मोडल्यामुळेच लागला, असा निष्कर्ष तिथल्या विधिमंडळाच्या समितीने काढला.

आपल्याकडे खांब लोखंडाचे आणि सिमेंटचे, त्यामुळे बुरशीचा प्रश्न नाही. पण लोखंडी खांबाला गंज चढतो तोही बहुधा जमिनीलगतच. म्हणून तर अनेक ठिकाणी बुंध्याशी सिमेंटचा ओटा बांधलेला दिसतो. तिथे पापुद्रे सुटलेले दिसले किंवा खांब कलला असेल, तर जवळ जाऊन ठोकून बघू नका. १९१२ वर महावितरणला कळवा. आणि लेकीला त्या चकतीवरचं वर्ष वाचायला सांगा. ते तपासणीचं वर्ष आहे. तिकडे साधारण आठ ते बारा वर्षांनी पुन्हा फेरी होते. हवा जितकी दमट, तितकी लवकर.