घराच्या आवारातील पाण्याचा निचरा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि त्याच्यामधून कोणतीही मोठी नदी वाहत नाही. अशा शहरात पावसाचे पाणी घरात शिरावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिचे कारण समजण्यासाठी प्रथम भूमीची रचना पाहिली पाहिजे.

हे शहर एका जलविभाजकावर उभे आहे. पश्चिमेकडचे पाणी वृषभावतीच्या दरीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते. पूर्वेकडचे पाणी हेब्बाळ आणि कोरमंगल-चल्लघट्ट या दऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जाते. या दऱ्यांच्या उतारावर पूर्वीच्या लोकांनी एकाखाली एक असे तलाव बांधले. कन्नड भाषेत तलावाला ‘केरे’ म्हणतात. वरचा तलाव भरला, की जादा पाणी सांडव्यावरून ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या नाल्यांत पडे आणि खालच्या तलावात जाई. विसाव्या शतकात यांपैकी अनेक तलाव बुजले. धर्मांबुधी तलावाच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक आले, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. तलाव गेले, परंतु पाण्याची वाट बदलली नाही. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री शहरात १३० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा बेळ्ळंदूरच्या परिसरातील वसाहतींतून लोकांना नावांनी बाहेर काढावे लागले.

पाण्याची ही साखळी तलावापाशी सुरू होत नाही. ती प्रत्येक घराच्या अंगणात सुरू होते. म्हणून अंगणातील निचऱ्याचा विचार करताना दोन प्रश्न एकत्र सोडवावे लागतात : आपल्या भिंतींपासून पाणी दूर कसे न्यावे, आणि ते दुसऱ्याच्या दारात न लोटता कसे जिरवावे?

पाण्याचे मोजमाप

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. बंगळुरात ३० फूट रुंद व ४० फूट लांब हा भूखंड सर्वत्र आढळतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १११ चौरस मीटर भरते. त्यावर ५० मिलिमीटरची एक जोरदार सर आली, तर साडेपाच हजार लिटर पाणी जमते. जमीन उघडी असताना त्यातील बराच भाग मातीत मुरत असे. आता छप्पर व फरसबंदी यांमुळे ते जवळजवळ सर्वच वाहू लागते. अंगण तुंबण्याचे हे पहिले कारण होय.

निरीक्षण

कुदळ हाती घेण्यापूर्वी एका पावसात छत्री घेऊन आवारात फिरावे. पन्हळीचे पाणी कोठे पडते, ते कोणत्या बाजूने वाहते, डबके कोठे साचते आणि ते आटण्यास किती वेळ लागतो, हे कागदावर टिपून ठेवावे. पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरणारे पाणी चिंतेचे नव्हे. परंतु दोन दिवसांहून अधिक टिकणारे डबके भिंतीत ओल आणते आणि अनेक दिवस राहिले तर डासांची पैदास करते.

त्यानंतर मातीची परीक्षा करावी. एक फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर खड्डा पुन्हा भरावा आणि पातळी दर तासाला किती उतरते ते मोजावे. येथील तांबडी माती बहुधा पाणी चांगले शोषते. परंतु बांधकामाच्या वेळी तुडवली गेलेली किंवा चुना-सिमेंटच्या राडारोड्याने भरलेली जमीन शोषत नाही. अशा ठिकाणी वरचा कठीण थर फोडून त्यात शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळल्यानेच बराच फरक पडतो.

उतार, मुरवण आणि सांडवा

पहिला उपाय उताराचा आहे. जोत्यालगतची जमीन सर्वांत उंच असावी. फरसबंदीला दर ५० एककांस किमान एक एकक इतका उतार भिंतीपासून बाहेर द्यावा. म्हणजे दहा फुटांत सुमारे अडीच इंच. मोकळ्या मातीला याहून अधिक उतार लागतो. गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पाहतात. तीच पद्धत घरच्या माणसालाही सहज जमते.

दुसरा उपाय मुरवण्याचा. छपराचे पाणी नळाने एकत्र आणून जाळीतून आणि खडी-वाळूच्या गाळणीतून पुनर्भरण विहिरीत सोडावे. सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची आणि सहा मीटर खोल विहीर एका वेळी ३,८०० लिटर पाणी सामावून घेते, आणि भरत असतानाच ते भूमीत झिरपू लागते. मण्णू वड्डर या परंपरागत विहीर खोदणाऱ्या समाजातील कारागीर आजही अशा विहिरी हाताने खोदून त्यांत सिमेंटची कडी बसवतात. ही विहीर पायापासून व शौचकूपाच्या टाकीपासून दूर असावी. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक क्षेत्रफळाहून मोठ्या घरांना पर्जन्यजलाची अशी व्यवस्था बंधनकारक करण्यात आली. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो विंधणविहिरी कोरड्या पडल्या, हे ध्यानात घेतले, तर या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरा उपाय सांडव्याचा. तलावाप्रमाणे विहिरीलाही सांडवा हवा. जादा पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडावे. मैलापाण्याच्या नळात कदापि सोडू नये. तो नळ पावसाच्या लोंढ्यासाठी आखलेला नसतो. तो भरला, की उताराखालच्या घरांतील मोऱ्यांतून घाण पाणी उलटे वर येते, आणि वरच्या घरातील माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

उपायांची मर्यादा

काही भूखंड तलावाच्या जुन्या तळावर किंवा नाल्याच्या वाटेत पडलेले असतात. तेथे भूजल उथळ असेल, तर पुनर्भरण विहीर पावसाळ्यात खालूनच भरते आणि निरुपयोगी ठरते. अशा घराने जोते उंच ठेवावे, मैलानळाला पाणी उलटे न येऊ देणारी झडप बसवावी आणि साठलेले पाणी उपसण्यासाठी खड्डा व पंप ठेवावा. अंगणात मातीचा भराव घालून ते शेजाऱ्याहून उंच करण्याचा मोह मात्र आवरावा. एकाने भराव घातला, की दुसरा त्याहून उंच घालतो. रस्ताही दर डांबरीकरणाबरोबर वर चढतो, आणि शेवटी ज्याला भराव परवडत नाही, त्याच्या घरात सर्वांचे पाणी शिरते.

दर वर्षी मे महिन्यातील वळवाच्या सरींपूर्वी पन्हळी झाडाव्यात, गाळणीतील वाळू धुवावी आणि फाटकाबाहेरील गटाराची तोंडे मोकळी करावीत. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते संपल्यावर गटाराच्या कडेने खालच्या घरापर्यंत चालत जावे आणि आपले पाणी पुढे कोठे जाते, ते एकदा पाहून यावे.